कणकेच्या खळीचं लेबल

मोहपाडा, ता. शिरपूर, जि. धुळे
४ ऑगस्ट २०२४

नाना,

पाया पडते. तुमचं पत्र बाजाराच्या दिवशी मिळालं. इथं टपाल म्हणजे ज्याची जीप बाजाराला गेली असेल त्याच्या सीटखाली जे सापडेल ते. फोन करत जा म्हणून लिहिलंय, पण करू कुठून? शाळेत रेंज नाही. मागच्या टेकडीवर चढलं तर एखादी दांडी येते, पण तिथून गळा फाडून ओरडले तरी तुम्हाला काय ऐकू येणार? कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवता, हे शेजारच्या सुंदरबाईंनी मला सांगितलंय. ते कानात घालायचं असतं नाना. तोवर आपली पत्रंच बरी.

आश्रमशाळेत आता माझा जम बसलाय. कुंदन गेल्यावर तुम्हीच म्हणाला होतात, की सासरा आणि सून एकमेकांची तोंडं बघत घरात बसले तर दोघंही वेडे होतील, तू नोकरी घे. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता येत नाही. मुलं चुणचुणीत आहेत, विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावरची पण पुढं येऊन बसतात.

एक विचारायचं होतं. विज्ञानाच्या खोलीतलं लोखंडी कपाट कितीतरी वर्षांनी उघडलं. खालच्या खणात काचेची एक मोठी बरणी निघाली, आत भडक नारिंगी खडे, खडीसाखरेला रंग दिल्यासारखे. लेबल गळून गेलेलं. मी फेकूनच देणार होते, पण रोहिदास सर म्हणाले, आधी कुणा जाणत्याला विचारा. हे मराठी शिकवतात, इथल्याच पावरा समाजातले आहेत. माझ्या ओळखीत जाणते म्हणजे तुम्हीच. तीन-चार खडे पुडीत बांधून सोबत ठेवलेत. बघून सांगा.

जेवत जा वेळेवर.

हेमलता

*

पिंप्राळा, जळगाव
१० ऑगस्ट २०२४

हेमलता,

टपालातून विष पाठवणारी सून मला मिळाली, हे मी कुणाला सांगू? पाकीट उघडलं आणि पुडी मांडीवर पडली. खड्यांनी कागद आतून तपकिरी करून टाकला होता. मी आधी साबणानं हात धुतले आणि मग तुझं पत्र वाचलं. पोस्टातल्या कुणाच्या हातात ती पुडी फुटली असती तर? विज्ञान शिकवतेस ना तू?

हे पोटॅशियम डायक्रोमेट आहे. मला शंका नाही, माती तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी याच्या संगतीत गेली. शेतकऱ्याच्या मातीत सेंद्रिय कर्ब किती आहे ते आम्ही यानं मोजायचो. आम्ल घालून मातीत मिसळलं की ते कर्ब जाळतं, आणि जाळता जाळता स्वतः नारिंगीचं हिरवं होतं. माती जितकी कसदार, तितकं जास्त हिरवं. इतका देखणा क्षार मी दुसरा पाहिला नाही. वास नाही, पाणी सुटत नाही, वर्षानुवर्षं बरणीत जसाच्या तसा राहतो. म्हणूनच त्याची भीती बाळगायची, कारण बघणाऱ्याला तो वाईट वाटतच नाही.

आता नीट वाच. हे स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला पेटवायला पुढं असतं. स्पिरिट, रॉकेल, गंधक, कागद, भुसा, यातलं काही त्याच्याजवळ नको. हाताला खरचटलेलं असेल तर तिथं शिरतं आणि जखम भरूच देत नाही. पोटात गेलं तर मूत्रपिंडांवर येतं. त्याच्या धुळीनं कर्करोगही होतो, हे आम्हाला फार उशिरा सांगण्यात आलं. आमच्या वेळी तोंडाला कुणी रुमालसुद्धा बांधत नसे. माझ्या नाकाच्या पडद्याला भोक आहे आणि वास कायमचा गेलाय, तो याच्यामुळं.

तर तू असं कर. रबरी हातमोजे घाल, तोंडावर मास्क लाव. बरणी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत दुसरी अशी, बांध. खणात सांडलेलं असेल ते झाडूनं झाडू नकोस, धूळ उडते. ओल्या फडक्यानं टिपून घे आणि फडकंही त्याच पिशवीत बांध. मोरीत ओतायचं नाही, जमिनीत पुरायचं नाही. पुस्तकात तुला सापडेल की हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातला की याचं विष उतरतं. खरं आहे, पण ते प्रयोगशाळेत, काचपात्रात, मापून. तू त्या भानगडीत पडू नकोस. घातक कचरा नेणारे परवानाधारक लोक असतात, त्यांना बोलवायला मुख्याध्यापकांना सांग. तोवर कुलुपात ठेव आणि बरणीवर मोठ्या अक्षरात लेबल लाव. बाजारच्या डिंकावर भरवसा नको, तुमच्या पहाडातल्या दमट हवेत तो सुटेल. कणकेची खळ शिजव आणि तिनं चिकटव. आमच्या प्रयोगशाळेत सगळी लेबलं खळीची होती, मी निवृत्त होईपर्यंत एकही पडलं नाही.

परवा वांग्याची भाजी जळून कोळसा झाली. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. जळका वास आला नाही आणि सुंदरबाई दार बडवत होती तेही ऐकू आलं नाही. शेवटी खिडकीतून तिनं माझ्या अंगावर चप्पल फेकली. तू होतीस तेव्हा नाकही तूच होतीस आणि कानही तूच. नोकरी घे म्हणालो ते बरोबरच होतं. पण आता घर फार मोठं वाटतं, हे तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

नाना

*

मोहपाडा
२८ ऑगस्ट २०२४

नाना,

पत्र वाचून आधी घाबरले आणि मग हसले. चप्पल लागली तर नाही ना?

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. हातमोजे रोहिदास सरांनी शिरपूरहून आणून दिले. आमच्या स्वयंपाकीण गुंताबाईंनी कणीक दिली, चुलीवर खळही त्यांनीच शिजवली आणि अख्खा वेळ विचारत राहिल्या, की बाई, ही कोणती भाजी. बरणीवर लेबल लावलं, त्यावर लाल खडूनं धोक्याची खूणही काढली. विज्ञानाच्या खोलीत स्पिरिटचे दिवे आहेत, म्हणून बरणी तिथं ठेवली नाही. धान्याच्या कोठीला लागून एक खोली आहे, पाण्यात टाकायची पावडर वगैरे सामान असतं तिथं. तिला कुलूप आहे. वरच्या फळीवर ठेवून दिली. मुख्याध्यापक म्हणाले, दिवाळीनंतर नेण्याची व्यवस्था करू.

या आठवड्यात मुलांना घेऊन आम्ही जंगलात गेलो होतो. रोहिदास सरांना झाडन्‌झाड माहीत आहे. कोणत्या झाडाला पावरी भाषेत काय म्हणतात ते त्यांनी सांगायचं, शास्त्रीय नाव मी सांगायचं, आणि पोरांनी दोन्ही लिहायचं. कधी नव्हे ते मी दिवसभर बोलले. परत आल्यावर घसा बसला होता.

कानाचं मशीन घाला.

हेमलता

*

पिंप्राळा, जळगाव
६ सप्टेंबर २०२४

हेमलता,

चप्पल लागली, पण नेम चुकला असं मी सुंदरबाईला सांगितलंय.

एक आनंदाची गोष्ट आहे म्हणून लगेच लिहायला बसलो. आपले रुपचंदभाऊ आहेत ना, माझ्याबरोबर कॉलेजला होते, ते आता नशिराबादच्या एका शाळेचे अध्यक्ष झालेत. त्यांच्याकडं विज्ञानाची जागा जानेवारीत रिकामी होतेय. मी तुझं नाव टाकलं. ते म्हणाले, नाना, तुमची सून म्हणजे विचारायचं कामच नाही, वर्ष संपायच्या आत अर्ज द्या. घरून रोज जाऊन-येऊन करता येईल. रिक्षेनं हायवे गाठायचा की बस. सकाळी दोघांचा चहा मी करीन, संध्याकाळी भाकरी तू कर, नाहीतर तीही मी शिकतो.

तुझी खोली मी दर रविवारी झाडून घेतो. कुंदनचा फोटो तिथून काढून बाहेरच्या खोलीत लावलाय, तुला त्रास नको म्हणून. खिडकीला नवा पडदा लावलाय, हिरवा. सुंदरबाईला रंग आवडला नाही, पण तिला कोण विचारतंय.

हे तुझे रोहिदास सर मराठी शिकवतात म्हणालीस. मग हातमोजे आणायला आणि झाडं दाखवायला त्यांना वेळ मिळतो कसा? सहज विचारलं.

दिवाळीला ये. तेव्हा अर्ज भरू.

नाना

*

मोहपाडा
२२ ऑक्टोबर २०२४

नाना,

उत्तराला उशीर झाला. सहामाही परीक्षा होत्या.

दिवाळीला पिंप्राळ्याला जमेल असं वाटत नाही. भाऊबीजेला अमळनेरला दादाकडं जावंच लागेल, आईनं निरोपावर निरोप पाठवलेत. सुट्टी तिथंच जाईल. तुम्हीच म्हणता ना, सणाला सुनेनं माहेरी जावं. फराळाचा डबा जीपवाल्याबरोबर शिरपूरपर्यंत आणि पुढं बसनं पाठवतेय. चकल्या कडक झाल्यात, चहात बुडवून खा.

नशिराबादचं समजलं. तुम्ही माझ्यासाठी किती धावपळ करता ते कळतं मला. विचार करते.

हेमलता

*

धुळे
१९ नोव्हेंबर २०२४

नाना,

हे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. सुंदरबाईंच्या फोनवरून तुम्हाला तुकड्या-तुकड्यांत कळलं असेल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, गेल्या आठवड्यात सोमवारी मुलं वसतिगृहात परत यायची होती. सुट्टीभर विहिरीचं पाणी कुणी काढलं नव्हतं, त्याला वास येत होता. आमचा शिपाई ठाकऱ्या पाण्याचं काम बघतो. पावडर संपली होती, म्हणून त्यानं आपल्याजवळच्या किल्लीनं कोठीशेजारची खोली उघडून शोधाशोध केली आणि त्याला आपली बरणी सापडली. पिशव्या कुरतडलेल्या होत्या. लेबल नव्हतंच नाना. उंदरांनी खळीसकट कागद खाऊन टाकला होता.

साथ आली की विहिरीत लाल औषध टाकतात, हे ठाकऱ्यानं लहानपणापासून बघितलेलं. त्याचा बाप हेच काम करायचा. ते औषध जांभळट असतं आणि हे नारिंगी होतं, पण त्याला वाटलं, जुनं झालं म्हणून रंग उतरलाय. त्यानं रीतीप्रमाणं खडे बादलीत टाकले, पाणी घातलं, हातानं ढवळलं आणि विहिरीत ओतलं. बादलीच्या तळाशी न विरघळलेला गाळ राहिला, तो त्याच्या लक्षात आला नाही.

तेवढ्यात रोहिदास सर गावाहून चालत आले. तहानेले होते. त्यांनी तीच बादली विहिरीत सोडली आणि ओंजळीनं प्यायले. काळी रबरी बादली, तिच्यात पाण्याचा रंग कुठून दिसणार? चव विचित्र लागली म्हणून थुंकले, पण तोवर पोटात गेलं होतं. मी धुण्याच्या दगडावर नारिंगी ओघळ बघितला आणि मला तुमचं पत्र आठवलं.

त्यांना उलट्या सुरू झाल्या. जीपमध्ये घालून शिरपूरला पाठवलं. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. जाता येईना, कारण पोरं आणि त्यांचे आईबाप येऊ लागले होते, आणि आल्या आल्या जो तो विहिरीकडंच जात होता. मी गुंताबाईंना काठावर बसवलं आणि टेकडीवर पळत गेले. आधी आरोग्य केंद्राला फोन केला, मग सुंदरबाईंना. माझ्या डोक्यात एकच होतं, हिराकस ओतायचा. सुंदरबाईंनी तुम्हाला लिहून विचारलं आणि तुम्ही लिहिलेलं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं, "विहीर म्हणजे काचपात्र नाही. काही टाकू नकोस, उपसू नकोस, माणसाला नाही आणि गुरालाही पिऊ देऊ नकोस. काठावर बस."

बसले. बायका हंडे घेऊन भांडायला लागल्या. पाणी तर स्वच्छ दिसत होतं, जरासं पिवळं. मी नवी, परक्या गावची, माझं कोण ऐकणार? गुंताबाई उठल्या आणि त्या पाण्यात शिजवलेलं अख्खं पातेलं डाळ सगळ्यांसमोर गोठ्यामागं खड्ड्यात ओतून, वर माती लोटून आल्या. त्यानंतर कुणी हंडा पुढं केला नाही. दुपारी आरोग्यवाले आले, विहिरीला जाळी ठोकून कुलूप घातलं, पाण्याचे नमुने नेले. आता टँकर येतोय. मुलांपैकी कुणी प्यायलं नाही.

सरांना शिरपूरहून इथं धुळ्याला हलवलं. मूत्रपिंडांवर लक्ष ठेवलंय. डॉक्टर नुसती लघवी मोजतात. ठाकऱ्याच्या तळहाताला विळ्याचा काप होता, तिथं खोल व्रण झालाय. मुख्याध्यापक सगळा दोष त्याच्यावर टाकताहेत. तो रडतो आणि म्हणतो, बाई, माझा बाप पण असंच टाकत होता.

सरांच्या घरचे शेतात आहेत, कपाशी वेचायला आलीय. कुणीतरी इथं हवं म्हणून मी थांबलेय. शाळेच्या वतीनं.

हेमलता

*

पिंप्राळा, जळगाव
२४ नोव्हेंबर २०२४

हेमलता,

ठाकऱ्याचा दोष नाही. मी मुख्याध्यापकांना वेगळं पत्र टाकलंय आणि त्यात स्पष्ट लिहिलंय. बापानं शिकवलेलं काम त्यानं बापानं शिकवलं तसं केलं. त्या बरणीवर अक्षर नव्हतं, आणि अक्षर नव्हतं ते माझ्यामुळं.

तुझं ऑगस्टचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तू साफ लिहिलं होतंस, धान्याच्या कोठीला लागून खोली, पाण्यात टाकायची पावडर तिथंच. दुसऱ्या कुणी ते लिहिलं असतं तर मी त्याच पावली उलट तार केली असती, आता तारा नसल्या तरी. धान्य म्हणजे उंदीर. उंदीर म्हणजे कणकेची खळ गेली. आमच्या प्रयोगशाळेत खळ टिकली कारण तिथं मुंगीसुद्धा फिरकत नव्हती. आणि विहिरीच्या औषधाशेजारी विष ठेवायचं नाही, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण मी ती ओळ ओलांडून पुढं गेलो आणि जंगलात गेल्याच्या ओळीवर अडकलो. तू दिवसभर बोललीस, तुझा घसा बसला, ते मी चारदा वाचलं. खोलीचं एकदाही वाचलं नाही. रसायनतज्ज्ञ म्हणवून घेतो मी स्वतःला. थू माझ्या जिंदगीवर.

ठाकऱ्याचा व्रण भरायला फार वेळ घेईल. त्याला पाण्यात हात घालू देऊ नका, दवाखान्यात दाखवा आणि काय लागलं ते डॉक्टरांना सांगा. नुसतं जखम झाली म्हणू नका, क्रोमियमचं नाव घ्या. विहीर तपासणीत ठीक आली असं लेखी मिळाल्याखेरीज कुलूप काढू देऊ नकोस, कुणी कितीही घाई करो.

रोहिदासची लघवी किती होते ते कळवत जा. वाढत गेली तर तो वाचला असं समज.

सुंदरबाई रोज कुंपणावरून खुशाली विचारते, "नाना, बठ्ठं ठीक शे ना?" मी मान हलवतो. तिच्या ओठांवरून तेवढं आता वाचता येतं. मी धुळ्याला येऊ का? नाही कळवलंस तरी मी समजून घेईन.

नाना

*

धुळे
५ डिसेंबर २०२४

नाना,

काल वॉर्डाच्या दारावरच्या वॉचमननं मला एक डबा दिला. म्हणाला, एक म्हातारबाबा सकाळी आले होते, बराच वेळ दारात उभे होते, मी विचारलं कुणाला भेटायचं तर त्यांना ऐकूच आलं नाही. डबा माझ्या हातात दिला आणि गेले. उघडला तर भरीत आणि कळण्याची भाकरी. भरताला वांगी जास्तच भाजलेली. मी डबा बंद केला आणि जिन्यात बसून रडले. एवढ्या लांब येऊन तुम्ही मला न भेटता गेलात.

मग आता खोटं कशाला बोलू. मी शाळेच्या वतीनं इथं बसलेली नाही. शाळेनं मला परत बोलावलंय, मी बिनपगारी रजा टाकलीय. रोहिदास बरे आहेत, लघवी वाढली, शनिवारी घरी सोडतील. ज्या दिवशी डॉक्टर म्हणाले की धोका टळला, त्या दिवशी रोहिदासांनी मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हणाले. खरं तर त्यांनी पावसाळ्यातही विचारलं होतं. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. नशिराबादच्या जागेबद्दलही म्हणूनच गप्प राहिले. दिवाळीत पिंप्राळ्याला आले नाही तीही त्याच भीतीनं, की तुमच्यासमोर बसले तर तोंडावर दिसेल.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, आधीच विधवा, त्यात पावऱ्याच्या घरात. करायचंच तर कुठं तरी पाट लावून टाका, चार माणसांत, हळद-बिळद काही नको, आणि आमच्या दारात नको.

नाना, तुम्हाला सोडून जातेय असं मला रोज वाटतं. तुमची भाजी जळेल आणि कुणाला कळणार नाही, हे डोळ्यासमोर येतं. कुंदनचं घर मी असं कसं सोडू? म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही नको म्हणालात तर नाही. मी नशिराबादचा अर्ज भरीन, आणि कधी तोंडातून काढणार नाही. रोहिदासांनाही हे सांगितलंय. ते म्हणाले, त्यांना विचारल्याशिवाय करूही नका.

हेमलता

*

पिंप्राळा, जळगाव
१६ डिसेंबर २०२४

हेमलता,

तुझं पत्र नऊ तारखेलाच मिळालं. उत्तर लिहायला इतके दिवस घेतले, कारण पहिले काही दिवस मला तुला बोलावून घ्यायचं होतं. तूच तसं लिहिलंस ना, नको म्हणालात तर नाही. मी कागद घेऊन बसायचो आणि 'ये' एवढंच लिहायचो आणि फाडायचो. एका शब्दाचं काम होतं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या हातात एवढी सत्ता द्यायची नसते, पुन्हा कुणाला देऊ नकोस.

धुळ्याचं सांगतो. मी वॉर्डाच्या दारात आलो तेव्हा तू त्याला पेज भरवत होतीस. तो काहीतरी म्हणाला आणि तू हसलीस. मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. कुंदन गेल्यापासून माझ्या घरात तू एकदाही अशी हसली नव्हतीस. हसायचीस, पण मला बरं वाटावं म्हणून. ते मला कळायचं, आणि मी कळत नाही असं दाखवायचो. दोघंही एकमेकांसाठी तोंड सांभाळत होतो आणि त्यालाच घर म्हणत होतो. मला आत यायचं धाडस झालं नाही. डबा दिला आणि बस पकडली. पारोळ्यापर्यंत रडलो. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, ती काय म्हणाली कोण जाणे.

रुपचंदभाऊंना काल जाऊन सांगितलं, की माझी हेमलता येणार नाही, जागा दुसऱ्याला द्या. तिथून निघालो तो बाजारात गेलो.

आता तुझ्या दादाला माझा निरोप दे. पाट-बिट काही लागणार नाही. लग्न लागेल, आणि ते याच घरातून, मांडव घालून, हळद लावून. हळद सुंदरबाई लावेल, तिनं आत्ताच जातं धुऊन ठेवलंय. गुंताबाईला बोलव, ठाकऱ्याला बोलव, त्याचा हात बरा झाला असेल तर ढोल तोच वाजवेल. रोहिदासच्या लोकांना सांग, त्यांच्याकडं जी रीत असेल तीही करू. मला ती माहीत नाही, शिकवा. तुझ्या आईनं यावं. नाही आली तर तिचं पातळ मी अमळनेरला नेऊन देईन. पत्रिकेचा मजकूर लिहून काढला आणि छापखान्यात दिला, तारीख तेवढी तुम्ही दोघं ठरवा. 'सुकदेव यांची कन्या' असं, माझंच नाव घालून लिहिलंय. छापणारा आपल्याला ओळखतो, त्यानं 'कन्या'वर बोट ठेवून हातानं विचारलं, इथं चूक झाली का. मी त्याला म्हटलं, आहे तसंच छाप.

हे सगळं मी मोठ्या मनानं करतोय असं समजू नकोस. एकटेपणानं मला आतून पोखरलंय, खोटं कशाला सांगू. तू गेलीस की संध्याकाळ आणखी लांब होईल, हे मला ठाऊक आहे. पण मी या दिवसांत दुसरं काही केलं नाही, नुसता विचार केला. तू माझी सून राहिलीस तर प्रत्येक सणाला मला सोडून माहेरी जाशील. वैशाखात आखाजीला जाशील, दिवाळीला जाशील, यंदा गेलीस तशी. आणि अमळनेरचं दार तर आता बंद झालं. तू माझी लेक झालीस, तर आखाजीला तू माझ्याकडं येशील. सगळ्या गल्लीतल्या सासुरवाशिणी येतील आणि माझ्याही घरी एक येईल. गेली कितीतरी वर्षं आखाजीला या घरी कुणीच आलेलं नाही.

आखाजीला लेकीला सासरहून आणायला मुराळी म्हणून भावानं जायचं असतं, पण तुझा भाऊ काही येणार नाही. म्हणून मीच येतो. शिरपूरला बसनं आणि तिथून बाजाराच्या जीपनं. रोहिदासला सांग, सासऱ्याला न्यायला स्टँडवर उभा राहा म्हणावं.

नाना